वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपची उत्तरं: जर्मनच्या नावेला भोक पडलं तर

मी पवनीला वर्कशॉप चालवतो. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगराचे फाळ ही रोजची कामं. पण वैनगंगा जवळ असल्यामुळे गेली वीस-बावीस वर्षं नावाही येतात. आमच्याकडे ॲल्युमिनियमला अजून ‘जर्मन’ म्हणतात, जर्मनचा गंज (म्हणजे पातेलं) तशी जर्मनची नाव. या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं तिच्याचबद्दल आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतो. पहिलं उत्तर लांबलं आहे. त्या नावेत रोज माणसं बसणार आहेत, त्यामुळे मला ते तोकडं लिहवलं नाही.

प्रश्न: आमची सोसायटी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करते. आठ वर्षांपूर्वी घेतलेली चौदा फुटी ॲल्युमिनियमची नाव आहे, मागे लहान इंजिन बसतं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर नाव काठावर उलटी केली तर बुडाला, आतल्या लाकडी फळीच्या खाली, तीन बारीक भोकं दिसली. पुढच्या बाजूला बुडालेल्या झाडाचा खुंट लागून बोटभर चीर गेली आहे. इंजिन बसतं त्या कोपऱ्यातही केसासारखी रेघ दिसते. गावच्या वेल्डरनं एका भोकावर साधा रॉड लावून पाहिला, तर पत्राच गळून पडला आणि आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक झालं. सध्या इपॉक्सी लांबी (भोकं बुजवायचा लगदा) भरली आहे, ती दोन फेऱ्यांत निघते. ही नाव झाळता येते का? कोणाकडून आणि काय सांगून करून घ्यावी?
— सचिव, मच्छीमार सहकारी संस्था, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर: सचिवभाऊ, झाळता येते. नीट झाळली तर आणखी कितीतरी वर्षं चालेल.

आधी तुमच्या गावच्या वेल्डरबद्दल. त्याला बोल लावू नका. लोखंड तापलं की लाल होतं, मग पिवळं होतं, वितळायच्या आधी चार वेळा सांगतं. जर्मन काहीच सांगत नाही. रंग बदलत नाही आणि एकदम खाली गळतं. त्यातून त्याच्या अंगावर उघड्या हवेत कायम एक पापुद्रा असतो, दुधावर साय धरावी तसा. आतलं शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, नावेच्या पत्र्यात मॅग्नेशियम मिसळलेलं असतं म्हणून तो त्याहून थोडा आधीच. वरचा पापुद्रा मात्र दोन हजार अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे आत पाणी झालेलं असतं आणि वर साय तशीच. साधा लोखंडाचा रॉड ही साय फोडू शकत नाही. वेल्डर करंट वाढवत जातो आणि शेवटी सगळंच खाली पडतं. कितीही हुशार कारागीर असला तरी त्या रॉडनं हे काम होणारच नाही.

हे काम आर्गन वेल्डिंगचं, म्हणजे टिगचं. त्यातही मशीन एसीवर चालणारी हवी. एसीत करंट सतत उलटसुलट होतो. एका फेरीत पापुद्रा उखडला जातो, दुसऱ्या फेरीत पत्रा वितळतो, आणि आर्गन वायूचं पांघरूण हवेला आत येऊ देत नाही. चांगला हात असलेला माणूस काम करत असेल तर टाक्याच्या, म्हणजे झाळलेल्या रेषेच्या, दोन्ही कडांना पांढुरकी, स्वच्छ पट्टी दिसते. पापुद्रा निघाल्याची ती खूण आहे. टाक्याभोवती काळं दिसलं तर काम तिथंच थांबवा.

असा माणूस कुठं मिळेल? मोटारसायकलच्या इंजिनाचं चेंबर दगड लागून फुटतं ते झाळणारे, दुधाचे चाळीस लिटरचे कॅन झाळणारे. भंडारा, साकोली, ब्रह्मपुरी या बाजूला विचारपूस करा. नागपुरात तर हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीभोवती बरेच आहेत. पण चेंबरवाल्याकडे गेलात तर एक गोष्ट आवर्जून विचारा: फिलर रॉड, म्हणजे टाक्यात वितळवून भरायचा रॉड, कोणता? चेंबर ओतीव असतं, त्याला सिलिकॉनचा ४०४३ नंबरचा रॉड लावतात. दुकानात तोच पडलेला असतो. नावेचा पत्रा मात्र बहुतेक वेळा ५०५२ नाहीतर ५०८३ या जातीचा असतो. त्यातल्या मॅग्नेशियमशी सिलिकॉन मिसळला की टाका ठिसूळ होतो, वरून कितीही देखणा दिसला तरी. नावेला मॅग्नेशियमचा ५३५६ नंबरचा रॉड हवा. पत्रा कोणत्या जातीचा हे कोणालाच ठाऊक नसलं तरी हाच मागा, गोड्या पाण्यातल्या नावेला तो चालून जातो. नंबर डब्यावर असतो, पुष्कळदा रॉडच्या टोकालाही ठोकलेला असतो. तुम्ही स्वतः वाचा.

नदीकाठी मशीन बोलावू नका. तुमची नाव चार माणसं सहज उचलतील. ट्रॉलीत तणसाची पोती टाकून, त्यावर नाव उलटी ठेवून वर्कशॉपला न्या. काठावर वारा असतो, आणि आर्गनचं पांघरूण फुंकरीनंही उडतं. शिवाय ओल्या रेतीत उभं राहून वेल्डिंग करणाऱ्याला शॉक बसायची भीती.

नेण्याआधीचं काम तुमच्या घरचं आहे, आणि खरं काम तेच.

इंजिन काढा, पेट्रोलची टाकी काढा, जाळी, दोर, फळ्या सगळं काढा. बैठकीखाली नाव तरती राहावी म्हणून फोम भरलेला असतो. झाळायच्या जागेजवळचा तो सगळा बाहेर काढा. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडाशी बसून राहते आणि दिसत नाही. म्हणून साबणाच्या पाण्यानं आतून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. टाकी बाजूला ठेवली म्हणजे झालं असं धरून चालू नका. कुठे चारही बाजूंनी बंद कप्पा असेल तर वेल्डरला आधी सांगा. आतली हवा तापून फुगते. एक लहान भोक पाडून तिला वाट द्यावी लागते, ते भोक शेवटी बुजवायचं.

मग नाव सुलटी करा, खाली रेतीची पोती लावा आणि आत पाणी भरा. पण चार बोटंच. नाव बाहेरून दाब सोसायला बनवलेली असते, जमिनीवर आतून वजन सोसायला नाही. चौदा फुटी नावेत चार इंच पाणी म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल भार होतो. खाली वाकून पाहा, जिथं थेंब धरतो तिथं मार्करनं गोल करा. तुम्हाला तीन भोकं दिसली आहेत, मला वाटतं सहा-सात निघतील. फळीखाली पडलेलं भोक एकटं नसतं.

याच मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे. खुंटाची चीर हा अपघात झाला. गोसीच्या पाण्याखाली गावं आहेत, घरांची जोती आहेत, झाडांची खुंटं आहेत. पाणी उतरलं की ती वर येतात, लागणारच. पण फळीखालची भोकं पडली ती आतून. गाळ, पानं, माशांचे खवले फळीखाली जमतात आणि फळी ती ओल धरून ठेवते. त्या ओल्या गाळाखाली हवा पोचत नाही, म्हणून पत्र्याचा पापुद्रा खराब झाला की पुन्हा धरत नाही आणि पत्रा खड्ड्याखड्ड्यानं खाल्ला जातो. फळी बसवायला लोखंडी बोल्ट वापरले असतील तर आणखी वाईट. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. तांबं लोखंडाहूनही घातक. आतून तुटलेली वायर, नाणं, पितळी नट बुडाशी पडून राहिलं तर त्याच्याभोवती खड्डा पडतो. मी एका नावेत नाण्याच्या आकाराचा गोल डाग पाहिला आहे, डागाच्या मधोमध भोक. नाणं तिथंच चिकटलेलं होतं. सिमेंटची पोती वाहिली असतील, राखेनं नाव घासली असेल, तरी तेच. चुना, सिमेंट, राख यांचं पाणी अल्कलीचं, आणि ते जर्मनला खातं. जर्मनचे गंज राखेनं घासायची सवय घराघरांत आहे, पण नावेला राख लावू नका.

तेव्हा नुसती भोकं बुजवलीत आणि तीच फळी, तेच बोल्ट परत लावलेत तर दोन वर्षांनी टाक्याच्या शेजारी नवीन भोक दिसेल. टोच्या घ्या आणि प्रत्येक भोकाभोवती दाबून पाहा. पत्रा ठणठणीत असेल तर भोक ड्रिलनं स्वच्छ करून तेवढंच भरता येतं. टोच्या रुतत असेल, पत्रा निम्म्यावर आला असेल, तर त्यावर टाका मारण्यात अर्थ नाही. तेवढा भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून ठिगळ लावायचं. वेल्डरनं आठ आण्याएवढं केलेलं भोकही ठिगळाचंच. तिथं त्याच्या लोखंडी रॉडचे थेंब चिकटले असतील, ते सगळं कापून काढा.

आता सफाई. इपॉक्सी लांबी पूर्ण खरवडून काढा, भोकाच्या भोवती दोन-दोन इंचांपर्यंत. लांबीचा एक कण राहिला तरी जळून टाक्यात बारीक छिद्रांची जाळी पाडतो. रंगही काढा. ग्राइंडरला लावायची फ्लॅप डिस्क नवी घ्या. लोखंडाला वापरलेली डिस्क लावली तर लोखंडाचा चुरा जर्मनमध्ये रुतून बसतो. मग ॲसिटोननं पुसा, स्वच्छ सुती फडक्यानं, फडकं बदलत बदलत. त्यानंतर स्टेनलेसच्या वायर ब्रशनं घासा, आणि तो ब्रश आयुष्यात दुसऱ्या कशालाही वापरलेला नको. क्रम उलटा करू नका. आधी ब्रश मारला तर तेलच चोळून आत जातं. घासलं की त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात झाळायचं, कारण पापुद्रा लगेच पुन्हा धरायला लागतो.

हे मी इतकं घोकून सांगतो त्याला कारण आहे. वर्कशॉप सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे नदीपलीकडची एक नाव आली होती. त्यांना घाई होती, जाळी टाकायची होती. मी गेटला वापरायचा ब्रश त्या नावेला वापरला. टाका काळा पडला, मी वरून घासून चमकवला आणि दिली. आठ दिवसांनी बाप-लेक संध्याकाळी जाळी टाकायला गेले आणि मधल्या धारेत टाका उघडला. दोघं पोहून आले. जाळी गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारे बाबा दारात येऊन एवढंच म्हणाले, “भाऊ, तुमचा टाका उसवला जी.” ओरडले नाहीत. मी टाका कापून पाहिला, आत पावाला असते तशी जाळी. ओल आणि तेलातून हायड्रोजन आत जातो. पातळ झालेल्या ॲल्युमिनियममध्ये तो मावतो, थिजताना मावत नाही, म्हणून बुडबुडे राहतात. त्यांची नाव मी पुन्हा करून दिली, जाळ्याचे पैसे दिले. त्या मुलाचं वय तेव्हा बारा होतं. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपला जर्मनचा ब्रश, जर्मनची डिस्क आणि जर्मनचं फडकं वेगळ्या पेटीत असतं आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते.

प्रत्यक्ष झाळताना काय पाहायचं ते सांगतो, म्हणजे शेजारी उभं राहून तुम्हाला समजेल. चीर असेल तर आधी रेतीच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीनं पत्रा सपाट करायचा. मग चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मि.मी.चं भोक पाडायचं. हे राहिलं तर चीर टाक्याच्या पुढून पळत जाते. डोळ्यांना दिसतं तिथं चीर संपत नसते, म्हणून भोक थोडं पुढंच पाडा. चिरेच्या कडा तिरप्या घासून खाच करायची, टाके मारून धरायचं आणि इंच-इंच करत, थांबत थांबत भरायचं. पत्रा दोन मि.मी.चा असेल तर साधारण ऐंशी ते शंभर ॲम्पिअर पुरतात. जर्मन उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी वेगानं पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला पत्रा ताप धरत नाही आणि शेवटाला एकदम जास्त तापतो. पायानं करंट कमी करायचं पेडल असलेला वेल्डर इथं उजवा ठरतो. भोक भरताना मागून तांब्याचा ठोकळा धरला तर रस खाली गळत नाही. आर्क, म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ज्योत, मात्र तांब्याला लागू द्यायची नाही.

ठिगळ बाहेरून लावायचं, त्याच जाडीच्या पत्र्याचं, चांगल्या पत्र्यावर सगळीकडून इंचभर येईल एवढं. कोपरे गोल हवेत, चौकोनी कोपऱ्यातून चीर निघते. समोरासमोर टाके मारत जायचं, एकाच बाजूनं पळत गेलं तर बूड पापडासारखं वाकतं. चारही बाजू पूर्ण बंद करायच्या, नाहीतर ठिगळाखाली पाणी शिरून आतून खाईल. बंद करताना शेवटचा अर्धा इंच अवघड जातो, कारण ठिगळाखालची तापलेली हवा तिथूनच फुसफुसत बाहेर पडते. थोडं थांबून, थंड होऊ देऊन मग तो भरावा.

इंजिनाच्या कोपऱ्यातली रेघ मला सगळ्यांत जास्त खटकते. ती इंजिनाच्या हादऱ्यानं पडली आहे. इंजिन जिला बसतं ती आतली लाकडी फळी कुजून मऊ झाली असेल, म्हणून सगळा हादरा पत्र्यावर येतो. फळी काढून पाहा. रेघ झाळा, पण कोपऱ्यात आतून त्रिकोणी आधारही लावून घ्या आणि फळी नवी बसवा. वेल्डिंगशेजारचा पत्रा तापून मऊ पडतो, कारखान्यात लाटताना त्याला आलेला कडकपणा तिथं जातो. म्हणून एकाच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झाळण्यात हशील नाही. पहिल्याच वेळी आधार द्या.

खर्चाचं ठरवताना गॅसची भीती घालणाऱ्याला हा हिशोब सांगा: सात घनमीटरचा आर्गन सिलिंडर मिनिटाला आठ लिटरनं वापरला तर चौदा तासांहून जास्त आर्क चालते. तुमच्या कामाला तेवढी आर्क मुळीच लागणार नाही. मजुरी खरी सफाईची आहे. खरवडणं, घासणं तुमच्या पोरांनी केलं तर पैसे तिथं वाचतील.

काम झालं की टाक्याला बाहेरून चुना पाण्यात कालवून लावा, सुकू द्या, आणि आतून केरोसीनचा बोळा फिरवा. अर्धा तास थांबा. चुन्यावर ओला डाग उमटला तर तिथं वाट राहिली आहे. नंतर चुना लगेच धुवून टाका, केरोसीनही. रंग द्यायचा असेल तर ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर मागा, शेंदराचा लाल प्रायमर नको. त्यात शिसं असतं, आणि तेही जर्मनला खातं. फळी परत बसवताना बोल्ट स्टेनलेसचे, खाली रबराचे वॉशर, आणि फळी उचलता येईल अशीच ठेवा. आठवड्यातून एकदा उचलून खालचा गाळ धुवा.

झाळताना पोरांना जवळ उभं करू नका. जर्मनवरून आर्कचा उजेड आरशासारखा उलटतो, बाजूनं पाहणाऱ्यालाही लागतो. रात्री डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं आणि झोप येत नाही. आणि नाव पाण्यात घालाल तेव्हा पहिल्या दिवशी काठाकाठानं चालवा, लाइफ जॅकेट घालून.

प्रश्न: आमचा महिला बचत गट गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मासे आणि शिंगाडे करतो. आम्हाला मिळालेली जर्मनची लहान नाव रिपिटांची (रिव्हेट ठोकून जोडलेली) आहे. रिपिटांच्या रांगेतून पाणी येऊन राहिलं आहे. एकानं सांगितलं, सगळ्या रिपिटांवर वेल्डिंग मारून टाका. मारावी का?
— एक वाचक भगिनी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर: ताई, नका मारू. रिपिटांच्या नावेत दोन पत्रे एकावर एक असतात आणि मध्ये सांधा बंद करणारा मसाला असतो. एका रिपिटावर आर्क लागली की तो मसाला जळतो, धूर टाक्यात शिरतो, आणि तापानं पत्रा ताणला गेला की शेजारची चार रिपिटं ढिली होतात. एक गळती बंद करायला गेलात तर दहा उघडतील.

वर सांगितलं तसं आत चार बोटं पाणी भरा आणि गळणाऱ्या रिपिटांवर खूण करा. रिपीट भरीव असेल तर दोघींचं काम आहे. एकीनं बाहेरून रिपिटाच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा, दुसरीनं आतून शेपटावर हातोडीचे तीन-चार सरळ ठोके द्यायचे. बरीचशी गळती एवढ्यानंच थांबते. भोक लांबट झालं असेल तर जुनं रिपीट ड्रिलनं काढून एक माप मोठं घाला. रिपीट ॲल्युमिनियमचंच, लोखंडी नको. बाजारात सहज मिळणारं पॉप रिपीट मधून पोकळ असतं, पाणी त्याच्या पोटातूनच येतं. दुकानदाराला बंद टोकाचं मागा.

सांध्याच्या रेषेला आतून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, पत्रा कोरडा आणि स्वच्छ करून. सिलिकॉन घ्यायची वेळ आलीच तर ट्यूब उघडून वास घ्या. शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ते जर्मनला लावू नका, त्यातलं आम्ल धातूला लागतं. आणि लाकडी डोंग्याला डांबर लावतात म्हणून इथंही कोणी डांबर फासायला सांगेल. डांबरानं पाणी काही दिवस थांबेलही, पण पुढं कधी त्या पत्र्याला ठिगळ झाळायची वेळ आली तर एकही वेल्डर हात लावणार नाही.

शिंगाड्याच्या वेलात नाव अडकली की बांबूनं रेटतात. बांबूच्या टोकाला लोखंडी खिळा असेल तर तो काढून टाका. बुडाला खरचटे त्यानं पडतात.

प्रश्न: मोबाइलवर पाहिलं की गॅसच्या साध्या बर्नरवर वितळणारे ॲल्युमिनियमचे रॉड मिळतात, वेल्डिंग मशीन लागत नाही. नावेला चालतील का?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर: भाऊ, ते रॉड बहुतेक जस्ताचे असतात, चारशे अंशांच्या आसपास वितळतात. पत्रा स्वतः तेवढा तापला तरच ते धरतात, आणि मोठ्या बुडाला बर्नरनं तापवणं सोपं नाही, कारण उष्णता सगळीकडे पसरून जाते. त्यातून मॅग्नेशियम मिसळलेल्या पत्र्याला ते नीट चिकटत नाहीत. सुईएवढं भोक, अगदी स्वच्छ पत्रा आणि जवळ आर्गनवाला नाही, अशा वेळी हंगाम निभावण्यापुरते वापरा. चिरेला, कोपऱ्याला, इंजिनाजवळ मुळीच नाही. तिथं जोर येतो आणि जस्ताची पापडी उडते.

प्रश्न: मी आयटीआयला वेल्डिंग शिकलो, आता आर्गन मशीन घ्यायची आहे. आमच्या भागात नावा, दुधाचे कॅन, चेंबर अशी कामं मिळतील. मित्राच्या टिग मशीनवर ॲल्युमिनियम करून पाहिलं, टाका काळा येतो आणि धातू जुळतच नाही. हात चुकतो का?
— एक तरुण वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर: हात चुकत नसेल, मशीन डीसीची, म्हणजे करंट एकाच दिशेनं वाहणारी, असेल. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ टिग मशीन फक्त डीसी असतात. त्यांच्यावर स्टेनलेस सुरेख होतं, पण जर्मनचा पापुद्रा फुटत नाही. घेताना मशीनवर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं पाहा, आणि दुकानातच दोन मि.मी.च्या जर्मनच्या तुकड्यावर चालवून दाखवायला सांगा. दोनशे ॲम्पिअरची तुम्हाला पुरेल. मशीन एसीची असूनही काळं येत असेल तर गॅसचा पाइप गळतो का, टंगस्टन (टॉर्चमधली आर्क धरणारी काडी) रसात बुडतं का, आर्क लांब धरली जाते का, हे याच क्रमानं पाहा.

गिऱ्हाइकाचं काम घ्यायच्या आधी महिनाभर भंगारातल्या पत्र्यावर हात बसवा. दोन पट्ट्या जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि टाक्यावरच हातोडीनं वाकवा. टाका तुटला तर आतलं पाहा: जाळी दिसली तर सफाई कमी पडली, एका बाजूला चकचकीत सपाट कड दिसली तर पत्रा वितळलाच नव्हता, नुसता रॉड वर पसरला होता. अशा वाकवलेल्या वीस पट्ट्या सलग न तुटता निघाल्या की मग नाव हातात घ्या. पवनीला आलात तर माझ्याकडे दोन दिवस बसा. उन्हाळ्यात रोज एखादी नाव दारात असतेच, मी पेटीतला ब्रश तुमच्या हातात देईन.